आबांसाठी स्टीमवर खातं उघडलं, त्याची सगळी हकीकत

कॉम्प्युटरवरचा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून रीतसर पैसे देऊन घ्यायचा, तोही पारोळ्यातल्या घरी बसून, म्हटलं तर सोपं आहे, पण पहिल्यांदा करताना दर पायरीला पोटात गोळा येतो. पैसे नक्की कुठे जातात, गेम चालला नाही तर काय, नेट गेलं तर काय, आणि उद्या पासवर्ड विसरला तर घेतलेलं सगळं जाणार का, हे सगळे प्रश्न आम्हाला पडले होते. आता सगळं व्यवस्थित बसलंय म्हणून जसं घडलं तसं लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आमचे आबा ट्रक ड्रायव्हर. सावदा-रावेरची केळी दिल्लीपर्यंत, कापसाच्या गाठी, कधी सिमेंट, आयुष्य धुळे-शिरपूर-पळासनेर-सेंधवा याच रस्त्यावर गेलं. २०२३ ला गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच बंद केला. तेव्हापासून माणूस ओट्यावर बसून हायवेकडे बघत राहायचा, मला ते बघवत नव्हतं. मी जळगावला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. २०२४ च्या दिवाळीत भाच्याने त्यांना मोबाईलवर युरो ट्रक सिम्युलेटर २ चा व्हिडिओ दाखवला, कुणीतरी तासभर नुसता ट्रक चालवतंय, आणि आबांनी तो चहा गार होईपर्यंत पाहिला, मधेच म्हणाले, यानं आरसा पाह्यला नाही. तिथेच ठरलं.

आता हा गेम प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा, २०१२ चा. पूर्वीसारखी सीडी आणून टाकायचे दिवस गेले, तो घ्यायचा तर स्टीमवर. स्टीम म्हणजे व्हॉल्व कंपनीचं गेमचं दुकान, सप्टेंबर २००३ पासून चालू आहे, आणि नुसती वेबसाइट नाही तर कॉम्प्युटरवर टाकायचं एक सॉफ्टवेअर असतं, त्यातून विकत घेता येतं, त्यातूनच उतरवायचं आणि त्यातूनच चालू करायचं. फुकटातला क्रॅक (म्हणजे चोरीची प्रत) देतो म्हणणारे दोघेतिघे भेटले. पण त्यात व्हायरस येतो हे एक, आणि दुसरं म्हणजे ज्यांनी एवढं मन लावून बनवलंय त्यांचे पैसे बुडवायचे हे आबांनाच पटलं नाही, भाडं बुडवणारी पार्टी कशी असते हे त्यांना चांगलं माहितीये.

पहिली अडचण कॉम्प्युटरची. दादाचा जुना पीसी होता, विंडोज ७ वाला, आणि स्टीमने विंडोज ७, ८ आणि ८.१ चा सपोर्ट १ जानेवारी २०२४ ला बंद केलाय. म्हणजे आधी विंडोज बदला. (आम्ही १० टाकलं, पण मायक्रोसॉफ्टने १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, त्यामुळे आता करणार असाल तर मशीन ११ घेतं का ते आधी बघा.) जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड साडेसहा हजाराला घेतलं, एसएसडी (जलद चालणारी डिस्क) तीन हजाराच्या आसपास, आणि हातात धरायचा कंट्रोलर अकराशेला. स्टेअरिंगचा सेट घ्यायचा मोह झाला होता पण तो महाग, आधी आबांना रमतंय का बघू म्हटलं. कार्ड घेताना दुकानातच लावून, चालू करून दाखवायला सांगा, लाजू नका.

मग खातं. स्टीमचं सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवा, सर्च केल्यावर वर जाहिरातीत जे येतं त्यावर जाऊ नका. खातं उघडायला पैसे लागत नाहीत, ईमेल लागतो, देश निवडावा लागतो आणि वय किमान १३ लागतं. आबांना ईमेल नव्हता तो आधी काढला. मुद्दाम खातं आबांच्या नावाने आणि आबांच्या मोबाईल नंबरवर केलं, माझ्या नाही, कारण स्टीमच्या करारात स्पष्ट लिहिलंय की खातं दुसऱ्याला विकता येत नाही आणि नावावरही करून देता येत नाही. जो खेळणार त्याचंच खातं असावं. त्या करारातलं सगळं इंग्रजीत, दुकानात मराठी भाषेचा पर्यायच नाही, त्यामुळे भाचा वाचून अर्थ सांगत होता आणि आबा मान हलवत होते.

खातं झाल्याबरोबर, एक रुपयाही खर्च करायच्या आधी, स्टीम गार्ड चालू करा. म्हणजे मोबाईलवर स्टीमचं ॲप टाकायचं आणि लॉगिन करताना त्यातला कोड किंवा मंजुरी द्यायची. हे करताना एक रिकव्हरी कोड मिळतो, आर अक्षराने सुरू होणारा. फोन हरवला, पाण्यात पडला, तर हाच कोड कामाला येतो. त्याचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून काही फायदा नाही. आम्ही तो कागदावर लिहून आबांच्या लायसन्सच्या फाइलीत ठेवला, आबांना ही गोष्ट सगळ्यात लवकर कळली, गाडीचे कागद असतात तसे हे खात्याचे कागद.

आणि चॅटवर कुणी सांगितलं की मी स्टीमचा माणूस आहे, तुमचं खातं बंद होणार आहे, तर सरळ ब्लॉक करा. स्टीमचा सपोर्ट असा चॅटवर येऊन गाठत नाही आणि पासवर्डही मागत नाही.

आता पैशाची गोष्ट, जिथे आमचा खरा जीव टांगणीला लागला. स्टीमवर २०१५ पासून किमती रुपयात दिसतात आणि यूपीआयही चालतं. कार्डाने देणार असाल तर एक लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डं ऑनलाइन वापरासाठी आपण चालू केल्याशिवाय चालत नाहीत, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते करावं लागतं. दादाचं कार्ड तसंच बंद होतं, म्हणून माझं यूपीआय वापरायचं ठरलं. स्टीमचा ऑटम सेल २७ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर २०२४ होता आणि गेमची किंमत पाऊण उतरलेली. शनिवारी, ३० नोव्हेंबरला संध्याकाळी, आबा बाजूला खुर्चीत, भाचा माऊसवर, मी यूपीआय आयडी टाकला, फोनवर रिक्वेस्ट आली, पिन टाकला, खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला, आणि स्क्रीनवर मात्र व्यवहार प्रलंबित. माझ्या बँकेचा सर्व्हर त्या वेळी झोपला होता हे नंतर कळलं. आबा म्हणाले, "पैसा कथा गयात?" आणि पैसे गेले कुठे याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. रक्कम फार नव्हती पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लागलं, आपल्यामुळे पोरीचे पैसे गेले असं.

अशा वेळी काय करायचं ते सांगते. पहिलं, घाबरून लगेच परत पैसे मारू नका, आणि तसंही एक व्यवहार प्रलंबित असताना स्टीम दुसरा घेत नाही. यूपीआय ॲपमधून तो १२ आकडी व्यवहार क्रमांक लिहून घ्या, तिथेच तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहारात पैसे कापले गेले पण समोर पोचल्याचं कन्फर्मेशन आलं नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर बँकेने रोजचे १०० रुपये द्यायचे. हे वाक्य मी आबांना दोनदा वाचून दाखवलं.

पण तोपर्यंत सेल संपणार होता ना! सेल अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने सकाळी १० ला संपतो, म्हणजे थंडीत आपल्याकडे रात्री साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा, हे माहीत असलेलं बरं, कारण तारीख बघून लोक रात्री बारापर्यंत वेळ आहे असं धरून बसतात. मग मंगळवारी दुपारी, मी जळगावला ऑफिसात डबा खात होते, भाचा पारोळ्याला पीसीवर, त्याने स्टीमच्या हेल्पमध्ये जाऊन खरेदीच्या यादीतून तो अडकलेला व्यवहार रद्द केला आणि परत खरेदी करताना माझ्या दुसऱ्या बँकेचा यूपीआय आयडी टाकला. माझ्या फोनवर रिक्वेस्ट आली, मी मंजूर केली, आणि लगेच त्याचा फोन, "आत्या, आला! लायब्ररीत आला!" लायब्ररी म्हणजे आपण घेतलेल्या गेमची यादी. आधीचे पैसे गुरुवारी मुकाट्याने परत आले. मी ते बँकेच्या मेसेजसकट आबांना दाखवले, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

डाउनलोडचं थोडक्यात सांगते. गेम वीस-पंचवीस जीबीचा धरून चाला. आमच्याकडे ३० एमबीपीएसचं फायबर, पण हा आकडा मेगाबिटचा, आणि स्टीम वेग मेगाबाइटमध्ये (८ बिटचा एक बाइट) दाखवतं, त्यामुळे तिथे पावणेचारच्या आसपास आकडा दिसला तर नेटवाल्याशी भांडू नका, ३० भागिले ८ तेवढंच होतं. कागदावर दीड-दोन तासांचं काम, प्रत्यक्षात लाइट गेली, आली, परत गेली. पण ही गोष्ट मला या सॉफ्टवेअरची मनापासून आवडली, जिथे थांबलं तिथून पुढे उतरवतं, पहिल्यापासून सुरू करत नाही. सेटिंग्जमध्ये डाउनलोड रीजन (गेम कुठल्या शहरातल्या सर्व्हरवरून उतरतो ते) मुंबई आहे का बघा, आणि ऑटो अपडेटची वेळ रात्रीची लावून टाका, नाहीतर आबा खेळायला बसायचे आणि नेमकं तेव्हाच अपडेट सुरू व्हायचं. एकदा लॉगिन झालं की ऑफलाइन मोडही आहे, नेट नसलं तरी आबांचा ट्रक चालतो. आमच्यासारख्या ठिकाणी हे सगळ्यात महत्त्वाचं.

पहिल्यांदा सुरू केल्यावर मुख्यालयाचं शहर निवडायला सांगतात. तिथे इंग्लंडमधलं शहर निवडा, कारण तिकडे आपल्यासारखं डाव्या बाजूने चालवतात. जर्मनी-फ्रान्सला उजवीकडून, ते आबांना सुरुवातीला झेपलं नसतं. गेममध्ये आपण सुरुवातीला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असतो, भाडी मारायची, पैसे साठवायचे, बँकेचं कर्ज काढायचं, मग स्वतःची गाडी. आबांनी पहिला प्रश्न विचारला, "हाई गाडी आपली शे का मालकनी?" मालकाची म्हटल्यावर चुपचाप कामाला लागले. माल पोचवल्यावर शेवटी ट्रेलर लावायचा असतो, त्यात सोपी जागा, अवघड जागा, नाहीतर लावलाच नाही तरी चालतं असे पर्याय येतात. आबा दर वेळी अवघड जागा घेतात. खुर्चीत उजवीकडे झुकून स्क्रीनवरच्या आरशात बघतात, ट्रेलरची शेपूट डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे, थोडं मागे, परत पुढे, सरळ, परत मागे. भाच्याला ते अजून जमत नाही. त्याला शिकवताना आबांचा आवाज पुन्हा तसा मोठा निघाला जसा मी लहानपणी क्लीनरवर ओरडताना ऐकला होता.

त्याच आठवड्यात त्यांनी अजून एक विचारलं, की गेममधली गाडी राहू दे, हा गेम तरी आपला का? आणि इथे मला खरं बोलावं लागलं. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे द्यायच्या पानावरच लिहितं की तुम्ही जे घेताय ते लायसन्स आहे. कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला, डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला हे स्पष्ट सांगायचं. म्हणजे आपण वापरायचा परवाना घेतो, वस्तू नाही. हे मला पटत नाही आणि मी ते उघड म्हणते, पूर्ण पैसे घेताय तर बापाच्या माघारी पोराला तो गेम मिळायला हवा, आपल्याकडे ट्रॅक्टर मिळतो, विहिरीची मोटर मिळते. पण निदान पैसे द्यायच्या आधी सांगतात, हे न सांगण्यापेक्षा बरं. आबा म्हणाले, मग ड्रायव्हरकीच झाली, आणि परत खेळायला लागले.

डिसेंबरमध्ये विंटर सेल लागला, १९ तारखेला. तेव्हा दादाच्या हौसेखातर शेतीचा एक गेम घेतला, तो आमच्या कार्डावर अडकत अडकत चालायला लागला. म्हणून रिफंड मागितला आणि सांगायला आनंद वाटतो की हे काम विनासायास झालं. नियम असा, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळलेला हवा. हे दोन तास म्हणजे गेम उघडा असलेला वेळ, मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तरी मोजला जातो, त्यामुळे अडकतोय दिसलं की लगेच बंद करा. हेल्पमध्ये जाऊन तो गेम निवडायचा, कारण निवडायचं, पैसे स्टीमच्याच वॉलेटमध्ये (खात्यातल्या शिलकीत) हवेत की मूळ पेमेंटला ते सांगायचं. आम्ही वॉलेट घेतलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरीचा मेल आला. वॉलेटमधले पैसे परत बँकेत काढता येत नाहीत, तिथेच वापरावे लागतात, म्हणून पुढे काही घ्यायचं नसेल तर मूळ पेमेंटचा पर्याय घ्या. आम्हाला आबांसाठी गोइंग ईस्ट हा पोलंड, हंगेरीकडचा नकाशा घ्यायचाच होता, सेल संपायच्या आत त्याच पैशात घेतला. आणि एक, सेलच्या दोन दिवस आधी पूर्ण किमतीला घेऊन बसलात तर रिफंड घेऊन सेलमध्ये परत घेणं याला स्टीम गैरवापर मानत नाही, त्यांच्या धोरणातच लिहिलंय.

जानेवारीत फॅमिलीचं काम केलं. सप्टेंबर २०२४ पासून स्टीम फॅमिलीज सगळ्यांना चालू झालंय, सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम वापरता येतात. पण हे एका घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी आहे, म्हणून मी त्यात नाही, आबा, दादा आणि भाचा. भाच्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला राजी हा गेम होता, तो आता आबांच्या लायब्ररीतही दिसतो. नवीन खात्यावर ५ डॉलरची खरेदी होईपर्यंत फ्रेंड रिक्वेस्ट पाठवता येत नाही, म्हणून भाच्याने पाठवली आणि आबांनी स्वीकारली. एकाच प्रतीवर दोघं एकाच वेळी खेळू शकत नाहीत, त्यामुळे आबा ट्रकवर असले की भाच्याला दुसरं काहीतरी. कुणी आपल्या प्रतीवर चीटिंग करून बॅन झाला तर मालकावरही बॅन येऊ शकतो, आणि फॅमिली सोडली तरी तिच्यात आल्यापासून वर्ष झाल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून मित्राबित्रांना घेऊ नका. मुलाच्या खात्याला वेळेची मर्यादा लावता येते. दादाने दहावीची परीक्षा होईपर्यंत रोजचा एक तास लावला होता, भाचा रुसला, पण मर्यादा दादाच्या हातात होती.

बाकीच्या दुकानांबद्दल लोक विचारतात. एपिक गेम्स स्टोअर डिसेंबर २०१८ ला आलं, दर आठवड्याला काहीतरी फुकट देतं, आणि गेम बनवणाऱ्याकडून जास्तीत जास्त १२ टक्के घेतं, स्टीमचं साधारण ३० टक्के. बनवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर एपिक चांगलं. भाच्याचं तिथे खातं आहे, फुकटचे गेम साठवतो. पण मला मनापासून पटलेलं दुकान गॉग, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या गेम कंपनीवाल्यांनी सुरू केलेलं. तिथे गेमचा इन्स्टॉलर (गेम टाकायची फाइल) उतरवून आपल्या हार्डडिस्कवर ठेवता येतो, नंतर ना नेट लागतं ना लॉगिन, आणि रिफंडही ३० दिवस. हा गेम आपला का, या आबांच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारं उत्तर तेच आहे. म्हणून आमचं घरात असं ठरलंय, जो गेम गॉगवर मिळतो तो तिथून, नाही मिळाला तर स्टीम, आणि स्टीमवर एवढेच पैसे टाकायचे जेवढे गेले तरी झोप उडणार नाही.

आबांना आता इटलीचा नकाशा पाहिजे. तो विशलिस्टला टाकून ठेवलाय, सूट लागली की मेल येतो, आणि या वेळी दोन्ही बँकांचे यूपीआय आयडी भाच्याच्या वहीत आधीच लिहून ठेवलेत.